कागदी कपातला चहा

मास्तर, तुमच्यावर माझा राग आहे. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं सगळे सांगतात, पण आपल्यात ती रीत कधी नव्हतीच. तुमच्या तोंडावर मी जेवढा ओरडलो तेवढा कुठल्या व्यापाऱ्यावरही ओरडलेलो नाही. आणि तुम्ही दर वेळी माझ्या कोपराला दोन बोटं लावून एवढंच म्हणायचात, "हबीबी, नीचे."

आपलं सगळं चाळीसेक शब्दांवर चाललं. तुम्हाला बाजारातलं हिंदी, थोडं अरबी, दोन-चार इंग्रजी शब्द यायचे. मला चिनी भाषेतले आकडे यायचे, तेही मालाचे भाव कळावेत म्हणून. एवढ्या शिदोरीवर तुम्ही मला जे शिकवलंत ते सांगायला माझं मराठीही पुरत नाही. तरी लिहितो. दहावीपर्यंत हर्णैच्या मराठी शाळेत शिकलोय, तेवढं जमेल.

पहिल्यांदा भेटलो तो दिवस तुम्हाला आठवत असणार. दुबईत चिनी माल घाऊक विकणाऱ्या बाजारात तुमच्या लेकीचं, मेईचं, नळांचं दुकान. माझं शारजात, रोल्लाला, बाथरूम फिटिंगचं. मी पाचशे नळ घ्यायला आलो होतो आणि नळामागे एका दिरहमवर, म्हणजे आपल्या बावीस-तेवीस रुपयांवर, अडलो होतो. मेई म्हणाली, "भाई, ये लास्ट प्राइस." मी टेबलावर हात आपटला. खरं सांगतो, तो राग निम्मा खोटा होता. भाव करताना माझा आवाज चढतो तो बऱ्याचदा ठरवून चढलेला असतो. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर शेंगदाणे सोलत बसलेला एक म्हातारा उठला आणि त्यानं माझ्या हाताखाली आपला तळवा धरला. धरला म्हणजे नुसता ठेवला. दाबला नाही, अडवला नाही. माझा हात खाली येईना. वर जाईना. आणि मग, कसं ते मला आजही सांगता येत नाही, मी खुर्चीवर बसलो होतो. मला कुणी बसवलं नव्हतं. माझ्या पायांनीच ठरवलं.

मेई हसली. "पापा को गुस्सा अच्छा लगता है. बोलते हैं, इसमें ताकत बहुत, जड़ नहीं."

मी नळ तिनं सांगितलेल्या भावानं घेतले. आयुष्यात तसं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतरच्या शुक्रवारी फजरची, पहाटेची नमाज झाल्यावर मी शारजाहून गाडी काढली आणि दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला तुमच्या बिल्डिंगमागच्या हिरवळीवर येऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत ती हात ठेवायची युक्ती शिकून घेऊ. धंद्यात उपयोगी पडेल. तुम्ही माझे गुडघे किंचित वाकवलेत, हात पिंप कवटाळल्यासारखे छातीपुढे धरायला लावलेत, टाळूला वरून दोरा बांधलाय असं खुणेनं दाखवलंत. मग तुम्ही तुमच्या जागी तसेच उभे राहिलात. मी वाट पाहिली. पाच मिनिटांनी मांड्या थरथरायला लागल्या, दहा मिनिटांनी खांदे पेटले. "आता पुढे काय?" मी विचारलं. तुम्ही डोळेही उघडले नाहीत.

पुढे काहीच नव्हतं. सहा महिने तेच.

घरी माझी बायको जुबेदा म्हणायची, "नमाजमध्ये इमामनं सूरा जरा लांबवली तर गाडीत येईपर्यंत कुरकुरता. आणि तिकडे त्या चिन्यापुढे अर्धा अर्धा तास पुतळा होऊन उभे राहता?" मुलीनं एकदा माझा व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींना पाठवला. "अब्बा, इट्स सो स्लो, आय थॉट द फोन हँग झाला." मी दोघींवर ओरडलो. पण सकाळी पुन्हा गाडी काढली, कारण चौथ्या की पाचव्या महिन्यात एकदा उभं असताना माझ्या पावलांखालची जमीन मला जाणवली होती. नुसतं गवत जाणवलं नव्हतं. गवताखालची वाळू आणि त्या वाळूचं लांबवर पसरलेलं वजन जाणवलं होतं. वीस वर्षं मी या देशात पाय रोवून धंदा करतो असं सगळ्यांना सांगत आलोय. पाय टेकले म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे मिटूनच मान हलवलीत. तुम्हाला कसं कळलं, मास्तर? मी तर आवाजही केला नव्हता.

मग तुम्ही हात जुळवायला शिकवलंत. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं, आणि गोल गोल फिरत एकमेकाचा तोल शोधायचा. मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आणि तीस किलोंनी जड. एकदा चिडून पूर्ण ताकदीनं ढकललं. तुमच्या मनगटावर मला काहीच सापडलं नाही. भिंत असती तर आपटलो असतो, मोकळी हवा असती तर पडलो असतो. तिथे दोन्ही नव्हतं. माझीच ताकद मला वळसा घालून पाठीमागून आली आणि मी चार पावलं पुढे जाऊन झुडपात बसलो. तुमचा श्वाससुद्धा बदलला नव्हता. समुद्राकाठी वाढलोय मी. भरतीच्या वेळी पाणी होडीखालून कसं सरकतं ते लहानपणी पाहिलंय. माणसाच्या हाडामांसात तसं काही असू शकतं हे माहीत नव्हतं. त्या दिवशी झुडपात बसल्या बसल्या मी "सुभानल्ला" म्हणालो, आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "नो, नो. प्रॅक्टिस."

तुम्ही कसं शिकलात ते मेईनं सांगितलं. तुमच्या तरुणपणी गावात एक काळ असा आला की जुन्या पद्धतीचं काहीही उघड्यावर करणं धोक्याचं झालं. तुमच्या काकांनी तुम्हाला विहिरीवर पाणी ओढायला लावलं. ओढताना कंबर कशी वळते, दोर खेचताना ताकद टाचेतून तळहातापर्यंत कशी येते, कळशी उतरवताना श्वास कुठे जातो, हे सगळं त्या पाण्यातच. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगं मोठं कष्टाळू आहे. अख्ख्या गावासाठी पाणी भरून भरून तुम्ही ती विद्या जिवंत ठेवलीत. हे ऐकल्यापासून नळ विकताना मला कधीकधी लाज वाटते.

आणि मी अशा माणसाचा सौदा करायला निघालो होतो! एका मोठ्या हॉटेलात तुमचा क्लास ठरवला. त्यांना रेशमी कपडे हवे होते, बासरीचं संगीत हवं होतं, ढगांसारखे हात फिरवणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा हवा होता. तुम्हाला दाढीही नव्हती. तुम्ही मेईच्या दुकानाची निळी टोपी घालून आलात, गालिच्यावरच्या बारा गोऱ्या बायकांना गुडघे वाकवून उभं केलंत आणि स्वतः डोळे मिटलेत. बासरी वाजत राहिली. पंधराव्या मिनिटाला चौघी उरल्या. मॅनेजरनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. गाडीत मी तुम्हाला वाट्टेल ते बोललो. "थोडे हात हलवले असते तर काय बिघडलं असतं?" तुम्ही माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरलीत, हलवलीत आणि म्हणालात, "दे बाय दिस." मग माझ्या पोटावर, बेंबीच्या खाली थाप मारलीत. "दिस, नो सेल." हा वाद आपला पुरा झाला नाही. मी अजूनही म्हणतो, पोटातलं विकायला आधी बाही दाखवावी लागते. पण ज्या चौघी उरल्या होत्या त्यांतली एक नंतर वर्षभर हिरवळीवर येत राहिली, हे मला तेव्हा तुमच्यापुढे कबूल करायचं नव्हतं. आता करतो.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी अम्मी गेली. मी हर्णैला पोहोचलो तेव्हा कबरीवर शिंपडलेलं पाणीही सुकलं होतं. चार दिवसांनी परत आलो. दुसऱ्या सकाळी हिरवळीवर आलो तेव्हा धुकं एवढं होतं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. तुम्ही काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उभे राहिलो. त्या दिवशी माझ्या मांड्या थरथरल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात खाली घ्यावेत असंही वाटलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तुम्ही तुमच्या घडीच्या स्टुलावर बसलात तेव्हा मी थर्मास उघडला. जुबेदानं आलं आणि वेलची घालून दिलेला दुधाचा चहा होता. थर्मास गवतात ठेवलेला, तुम्ही बुटक्या स्टुलावर, म्हणून मी गुडघ्यांवर बसून कप भरला. कागदाचा कप, चहा उकळता, म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि पुढे केला.

तुम्ही दूध कधीच पीत नव्हता. आमच्या चहाला तुम्ही "सूप" म्हणायचात आणि हात हलवून नको म्हणायचात. मी तरी पुढे केला, कारण हर्णैला कुणी आल्यावर चहा न विचारता राहायची अम्मीची सवय नव्हती. तुम्ही टोपी काढलीत. पाठ ताठ केलीत. दोन्ही हातांनी कप घेतलात आणि थेंब न ठेवता प्यायलात. मला वाटलं, बिचारा, माझं दुःख ओळखून पितोय. रिकामा कप तुम्ही घडी घालून खिशात ठेवलात. मी म्हटलं, "कचऱ्याचा डबा तिकडे आहे, मास्तर." तुम्ही टोपी परत डोक्यावर ठेवलीत.

त्यानंतर काही महिन्यांनी केळकर आला. तुमच्याच बिल्डिंगमधला, पुण्याचा, एका कंपनीत फायनान्स मॅनेजर. इस्त्रीचा ट्रॅकसूट आणि हातात पाण्याची स्टीलची बाटली. माणूस वाईट नाही. पण मी सहा महिने जे पिंप कवटाळून उभा राहिलो ते त्यानं तीन महिन्यांत उरकलं, आणि तुम्ही त्याला फॉर्मच्या, म्हणजे एकापुढे एक ठरलेल्या हालचालींच्या, पुढच्या हालचाली दाखवायला लागलात, ज्या मला दाखवल्या नव्हत्या. मी विचारलं तर उत्तर एकच, "हबीबी, श्वै श्वै." म्हणजे हळूहळू. त्याला नवी हालचाल द्यायचात आणि मला सबुरी.

आठ महिन्यांनी मेईनं आम्हाला घरी बोलावलं. केळकरला तुम्ही रीतसर शिष्य करून घेणार होता. भिंतीवर तुमच्या काकांचा फोटो, खाली फळं. केळकरनं लाल कागदावर लिहिलेलं आपलं नाव तुमच्यापुढे ठेवलं, गुडघे टेकले, तीनदा कपाळ जमिनीला लावलं, आणि दोन्ही हातांनी तुम्हाला चहा दिला. तुम्ही प्यायलात. झालं. मेईनं सांगितलं, यानंतर गुरू बाप असतो आणि शिष्य एकमेकांचे भाऊ. केळकर उठून माझ्याकडे आला, डोळे पाणावलेले. मी म्हटलं, "सोपं जातं तुम्हाला." तो म्हणाला, "अहो, आमच्यात लहानपणापासून वाकायची सवय असते."

ते मला लागलं. माझं कपाळ एकाच दारात टेकतं, मास्तर. त्यात भावताव नाही, माझ्यासारख्या माणसाकडेही नाही. पण तीन वर्षं मी उभा होतो आणि नाव लागलं त्याचं. जेवणं चालली होती, मेई स्वयंपाकघरात होती. मी तुमच्यासमोर बसलो आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मांडला. कपाळाला हात लावला, जमिनीकडे दाखवलं, अरबीत "ला, ला", नाही, नाही, म्हटलं. मग दोन हातांनी कप धरल्याचा अभिनय केला. "चाय, येस. नमस्ते, येस. फूल, फळं, सब येस." आणि तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही हसलात. असे हसलात की ठसका लागला, नूडल्सची वाटी खाली ठेवावी लागली. माझ्या गालावर थाप मारलीत, आपल्या पोटावर हात फिरवलात, तोंड वाकडं करून दाखवलंत आणि पुन्हा हसलात. चिनीत काहीतरी बोललात, जे सांगायला मेई तिथे नव्हती.

मी उभा राहिलो. "हसता कशाला? भीक मागतोय का मी? काल आलेल्याला जवळ करता आणि मला हसता?" हे सगळं मराठीत. समजलं फक्त केळकरला. तो म्हणाला, "दादा, ऐका तरी."

"कोण दादा? कुणाचा दादा?" मी बूट घालताना ओरडलो. रोजचा इकबालभाई मी, एका दिवसात दादा झालो म्हणजे पुणेरी टोमणाच असणार, असं मी धरून चाललो.

अकरा महिने मी आलो नाही. मेईकडून माल घेणंही बंद केलं, तिचे फोन उचलले नाहीत. केळकरचे मेसेज यायचे, "दादा, या ना. मास्तर वाट बघतात." मी ते उत्तर न देता पुसायचो. रागाचं कारण कुणालाच सांगितलं नाही, जुबेदालाही नाही. सांगितलं असतं तर परत मागितल्यासारखं झालं असतं. दुकानात, पडद्यामागे मी रोज उभा राहायचो मात्र. ते काही सुटलं नाही. तिथे उभा राहून तुमच्याशी भांडायचो.

मग एक दिवस केळकर रोल्लाला दुकानात येऊन उभा राहिला. "मास्तर हॉस्पिटलात आहेत. आता चला."

तुम्ही पांढऱ्या चादरीत एवढेसे दिसत होता. नाकात नळी. माझ्याकडे पाहिलंत आणि मनगट वर उचललंत. मी माझं मनगट लावलं. मास्तर, मी तिथेही शोधलं. मरणाच्या दारातल्या माणसाच्या हाताला वजन असायला हवं, निदान दुखणं तरी असायला हवं. काही नव्हतं. तोच वळसा, तीच भरती, बिछान्यावर एका वितीत. तुम्ही मला हललेलं कळायच्या आत माझा तोल घेतलात आणि परत दिलात. मी बिछान्याची कड धरली. मेई रडत होती, आणि तुमचे डोळे मात्र झुडपात बसवलं होतंत त्या दिवसासारखेच होते. मला विचारायचं होतं: मी तुमचा कोण? अकरा महिने तेवढंच विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "डॉक्टर काय म्हणतात?"

तुमच्या अस्थी गावी न्यायच्या आदल्या सकाळी मेईनं सगळ्यांना हिरवळीवर बोलावलं. वीसेक माणसं असतील. ती म्हणाली, आमच्याकडे शिष्य वयानं उभे राहत नाहीत, ज्या क्रमानं गुरूनं स्वीकारलं त्या क्रमानं राहतात. पहिली ती स्वतः. मी मागे, हॉटेलातल्या त्या बाईच्या शेजारी जाऊन थांबलो. मेईनं माझ्याकडे बोट केलं. "भाई, उधर क्यों? सेकंड तुम."

मी म्हटलं, "मेई, आज नाटक नको. मी शिष्य नाही. मी चहा दिला नाही, कपाळ टेकलं नाही."

"चाय दिया ना," ती म्हणाली. "फॉग था. दूध वाला. तुम नीचे बैठा, दो हाथ से दिया, पापा ने पूरा पिया. दूध पापा को हज़म नहीं होता. पूरा दिन टॉयलेट में थे." ती रडता रडता हसायला लागली. "शाम को मुझे बोले, मेरा बेटा आया. मैंने बोला, उसने माथा नहीं लगाया. पापा बोले, उसका माथा ऊपर वाले का है, मुझे उसका घुटना बहुत है. कप अभी भी घर में है. फोटो के नीचे."

मी केळकरकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला शिष्य करून घेतलं त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही दुसरे, मी तिसरा. म्हणून तर दादा म्हणायला लागलो," तो म्हणाला. "अकरा महिने सकाळी मी एका माणसाची जागा सोडून उभा राहत होतो. मास्तर सोडायला लावायचे. मला वाटलं, दादा चिडलेत ते दुसऱ्याच कशावरून. तुम्हालाच माहीत नसेल असं कसं वाटणार?"

म्हणजे तुम्ही हसलात ते यासाठी. प्यायलेल्या चहाचा मी पुन्हा भाव करत होतो, आणि तुम्हाला तुमचं पोट आठवलं होतं.

पण मग सांगितलं का नाहीत, मास्तर? हा माझा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. मेईला हाक मारायला काय झालं होतं? चाळीस शब्दांत "बेटा" हा शब्द होता तुमच्याकडे. तुमच्या रीतीत कप रिकामा झाला की बोलणं संपत असेल. माझ्या बाजारात मोठ्यानं सांगितल्याशिवाय सौदा झाला असं कुणी मानत नाही. मी कधी विचारलं नाही हेही खरं. चूक निम्मी निम्मी धरू. यापेक्षा खाली मी येणार नाही.

त्या सकाळी दुसऱ्या जागेवर मी उभा राहिलो, उजवीकडे मेई, डावीकडे केळकर. गुडघे किंचित वाकवले. जमीन लगेच आली, गवताखालची वाळू, वाळूखालचं वजन, आणि त्या सगळ्याखाली एक विहीर असावी असं मला वाटलं, जिच्यातून कुणीतरी न थकता पाणी ओढतंय. मग फॉर्म सुरू झाला. मला येतो तो एक तृतीयांश. जिथे माझं संपलं तिथे मी थांबलो, आणि केळकरनं पुढची हालचाल हळू केली, मला दिसेल एवढी हळू. आता रोज सकाळी तो मला उरलेलं शिकवतो. मी त्याला उभं राहायला शिकवतो, कारण ते त्याला अजून येत नाही. तुम्ही हे असंच ठरवलं होतंत का, कोण जाणे. तुमच्या मनगटावर काही सापडलं नाही, तसंच इथेही.

काल थर्मास घेऊन गेलो. तुमचं स्टूल मेईनं तिथेच ठेवलंय. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलो, कप भरला, दोन्ही हातांनी धरला. या वेळी मला माहीत होतं मी काय करतोय. चहा गार होईपर्यंत धरून राहिलो. मग केळकरनं तो घेतला आणि पिऊन टाकला, आणि म्हणाला, "दादा, साखर जास्त आहे."

"जास्त नाही," मी ओरडलो. "बरोबर आहे."